वाटेत न थांबता

१

मयताहून कोणी सरळ घरी येत नाही. आमच्या गावात हे शेंबड्या पोराला सुद्धा ठाऊक असतं. माती देऊन निघायचं, बाजाराच्या कोपऱ्यावर अलिंग हुवानाच्या, म्हणजे हुवाना मावशीच्या, छपराखाली टेकायचं, आल्याचा गरम काढा घ्यायचा, तांदळाच्या गोड वडीचा तुकडा तोंडात टाकायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि मग उठून आपापल्या घरी जायचं. कपड्याला, केसांना जे काही लागून आलं असेल ते तिथंच उतरतं. पुढचा रस्ता त्याला सापडत नाही. यात देवाधर्माचं काही नाही. चिखलातनं आल्यावर आपण पाय धुतो, तसंच ते.

एलोंगच्या मातीहून आम्ही सरळ घरी आलो.

एलोंग म्हणजे शेजारच्या सियानांगची एकुलती एक पोर. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रीसमोर तिला मीच हातात धरली होती, म्हणजे मी तिची धर्माची आई. ती मला निनांग म्हणायची. इनांग म्हणजे सख्खी आई, निनांग धर्माची. आणि तिची आई आणि मी त्या दिवसापासून एकमेकींना कुमारे म्हणतो. बहिणीपेक्षा थोडं जास्तच नातं ते, कारण बहिणीशी भांडता येतं.

जपान्यांनी गावातली शाळा घेतली होती. एलोंगला त्यांनी घरातनं नेली, भर दिवसा, उंबऱ्यावर मका पाखडत बसली होती तिथनं. बऱ्याच दिवसांनी चटईत गुंडाळून गाडीवरनं परत आणून टाकली. ताप आला होता म्हणाले. तिला मी धुतली. ताप नव्हता, एवढंच सांगते.

माती दुपारची होती. त्याच दिवशी कुठं तरी आमच्या माणसांनी त्यांच्या टेलिफोनच्या तारा कापल्या होत्या, म्हणून हुकूम निघाला की रस्त्यावर कोणी दिसता कामा नये. पाद्रीची प्रार्थना अर्धी झाली नाही तोवर एक सैनिक दफनभूमीच्या फाटकातनं आत आला आणि संगीन पुढं करून बदकं हाकावीत तसं आम्हाला हाकायला लागला. हुवानाच्या छपरापाशी माझ्या नवऱ्याचा, इगोचा, पाय सवयीनं अडखळला, तर बंदुकीचा दस्ता त्याच्या पाठीत बसला. आता त्या सैनिकाला कुणी सांगायचं, की बाबा, घोटभर काढा घेऊ दे, नाहीतर मेलेली पोर आमच्या मागं येईल? कुठल्या भाषेत सांगायचं?

एकेका घरची माणसं जिन्यावर चढेपर्यंत तो खाली उभा राहायचा. मी वरच्या पायरीवर पोचले आणि एक पाय घरात टाकताना मला आठवलं. तशीच थांबले.

“चढ की,” मागनं इगो पुटपुटला. “तो बघतोय.”

चढले.

२

आमचं घर तळ्याकाठी, खांबांवर उभं. खाली बदकं. जमीन बांबूच्या पट्ट्यांची, मधे बोटभर फटी. बदकासारखा मूर्ख प्राणी नाही. आपण वर चालायला लागलो की ती खालनं मागोमाग चालतात, ओरडत, कारण कधीतरी वरनं खरकटं पडतं. मी चुलीपाशी गेले की ती चुलीखाली. इगो जाळं घेऊन ओट्यावर बसला की ओट्याखाली. डोळे मिटून सांगता यायचं घरात कोण कुठं आहे ते.

मातीनंतर चार दिवस गेले असतील. मी मक्याचे दाणे जाळून कॉफी करत होते, पाय आपटत चुलीपुढं फिरत होते, आणि खाली आवाज नाही. मला वाटलं जपान्यांनी नेली. वाकून फटीतनं पाहिलं. होती. सगळी मागच्या खोलीच्या कोपऱ्याखाली गोळा होऊन उभी होती. गप्प. माना वर करून.

मागच्या खोलीत कोणी नव्हतं.

“साप असेल,” इगो म्हणाला.

“साप असता तर ओरडून गाव गोळा केलं असतं त्यांनी.”

“मग तुझ्याएवढीच शहाणी झाली असतील.”

मी उठून मागच्या खोलीत गेले. गुंडाळलेल्या चटया, कपड्यांची पेटी, शिंपल्याच्या तावदानांची खिडकी. खिडकी सरकवलेली होती, वीतभर. मी ती कधीच उघडी टाकत नाही. म्हटलं, इगोनं उघडली असेल उकडतंय म्हणून. कोपऱ्यात पाहिलं. बांबूवर माणूस बसलं की पट्ट्या दबतात आणि त्यांच्यामधल्या फटी रुंद होतात, ते आम्हाला पाहून पाहून पाठ झालेलं. त्या कोपऱ्यातल्या पट्ट्या दबलेल्या होत्या. मी हातानं दाबून बघितलं. आणखी खाली गेल्या नाहीत.

बांबू जुना झाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरंच जुना होता.

आता माझ्या पोरीचं सांगते. पिनांग. एलोंगहून वर्षभरानं लहान. एलोंगला नेली त्याच संध्याकाळी आम्ही गावभर सांगितलं की पिनांग तयाबासला आत्याकडं गेली. गेली कुठंच नव्हती. चुलीवरच्या माळ्यावर, जाळ्यांच्या आणि मासे धरायच्या टोपल्यांच्या मागं पडून होती. केस कापलेले. दिवसा शिडी काढून ठेवायची. जेवण बांधून वर द्यायचं, बाकीचं भांड्यात खाली घ्यायचं. माळ्याच्या फळ्यांच्या फटीतनं तिला मागच्या खोलीचा एक तुकडा दिसायचा, बाकी जग बंद.

त्या दिवशी मी तिला कसाव्याचे उकडलेले कंद वर देत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, “इनांग, तू दुपारची कोपऱ्यात का बसतेस?”

“मी कुठं बसते? मला बसायला वेळ आहे?”

“बसतेस की. खिडकीपाशी. गुडघे पोटाशी घेऊन.”

“चेहरा पाहिलास?”

“वरनं चेहरा कसा दिसेल? भांग दिसतो नुसता.”  मग म्हणाली, “पहिल्या दिवशी वाटलं तूच. पण तुझा भांग पांढरा झालाय ना.”

३

मांग दोरोला, मांग म्हणजे आमच्याकडं काका, जपान्यांनी आमच्या आळीचा मुखिया केला होता. त्यानं काही मागून घेतलं नव्हतं ते. आधी तो न्हावी होता, आणि न्हाव्याला सगळ्या घरांतलं कळतं म्हणून त्याला धरला. कोणाकडं पाहुणा आला, कोण नाहीसं झालं, हे त्यानं जाऊन सांगायचं. नाही सांगितलं तर त्याला झाडाला बांधायचे.

तो जिन्याखाली उभा राहिला, वर आला नाही.

“पेलांग, पोरगी तयाबासला आहे म्हणालीस ना?”

“आहे. तिथंच मरणार आहे म्हातारी होऊन. का?”

“मग काल मागच्या खिडकीत कोण होती?”

 मी म्हटलं, “मी होते. बाई नाही बघितलीस कधी खिडकीत?”

“बाई, इतकी वर्षं लोकांची डोकी बघतोय मी. तुझं डोकं ओळखत नाही होय?” तो आवाज खाली आणून म्हणाला, “लांब केस होते. मोकळे. तळ्याकडं बघत होती. मी पाहिली, धोब्याच्या बायकोनं पाहिली. होड्यांवरच्या पहाऱ्याला तीच खिडकी समोर येते, पेलांग. मी नाही सांगितलं तरी त्यांना डोळे आहेत. शाळेतली माणसं पुन्हा विचारतायत, कोणाकोणाच्या घरी पोरी आहेत.”

“तू काय सांगितलंस?”

“म्हातारा-म्हातारी आणि बदकं, असं सांगितलं.” त्यानं टोपी काढून घाम पुसला. “तिला आवर. खिडकीत येऊ देऊ नको.”

तो गेल्यावर मी शिडी लावून माळ्यावर चढले आणि काहीएक न विचारता पिनांगच्या दोन थोबाडीत दिल्या. म्हटलं, खाली उतरलीस कशाला? ती रडलीसुद्धा नाही. डोक्यावरनं हात फिरवून मला नुसती दाखवत राहिली. कापलेले केस. बोटाच्या पेरापेक्षा मोठा एक केस नव्हता डोक्यावर.

मी खाली येऊन खिडकीला सुंभ बांधला. दोन गाठी, आणि वर तिसरी. दुपारी पाहिलं तर खिडकी उघडी. सुंभ तुटला नव्हता, तर सोडून, घडी करून पेटीवर ठेवला होता. नीटनेटका. बाईच्या हाताची घडी.

मी तोवर असल्या गोष्टींवर हसत आलेले. देवचार, झाडावरचे लोक, माझी सासू सगळ्यांना नमस्कार करत चालायची, आणि मी तिच्या मागं चेष्टा करत. त्या दिवशी मी पेटीसमोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, “एलोंग, बाळ, खिडकीत जाऊ नकोस. वर पिनांग आहे.”

बांबू वाजला. माझ्या पायाखालचा नव्हे.

४

“उद्या जाऊ,” इगो म्हणाला. “तेच कपडे घालून दफनभूमीत जाऊ आणि तिथनं नीट परत निघू. हुवानाकडं टेकू, काढा घेऊ.”

“हुवानाकडं आलं तरी आहे का?”

“गरम पाणी घेऊ. तिला काय कळतंय.”

हसायला आलं मला, आणि हसता हसता जिन्यावर पाऊल वाजलं. सियानांग होती. हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. माती झाल्यापासनं ती कोणाच्या घरी गेली नव्हती. तिच्या अंगावरचा काळा झगा आतमध्ये कोणी नसल्यासारखा लोंबत होता.

“कसाव्याचा गोड केक आहे,” ती म्हणाली. “थोडा नारळ मिळाला. तिला दे.”

“पिनांग तयाबासला आहे,” मी सवयीनं बोलले.

“मी पिनांगबद्दल बोलत नाही.”

इगो उठला आणि बदकं बघायला खाली गेला. असल्या वेळी तो नेहमीच बदकं बघायला जातो.

सियानांग मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आत नाही गेली. पान खाली ठेवलं आणि तिथंच जमिनीवर बसली.

“माझ्याकडं नाही येत ती,” म्हणाली. “मी दार उघडं टाकून बसते. जेवण झाकून ठेवते. नाही येत. माझ्या उंबऱ्यावरनंच नेली ना तिला. त्या घराची भीती बसली असेल. तुझ्याकडं आली, बरं केलं. काल माझ्या परसातनं दिसली खिडकीत. केस कोणी विंचरले तिचे?”

“कुणी नाही.”

“तेच म्हटलं. गुंता झालाय.”

मी तिच्यासमोर बसले. मला गोड बोलता येत नाही. म्हणाले, “कुमारे, उद्या आम्ही तिला उतरवून टाकणार आहोत.”

तिनं माझ्याकडं पाहिलं.

“उतरवून कुठं?”

“जिथं सगळे जातात तिथं.”

“हुवानाच्या छपराखाली? बाजारात? शाळेपासनं हाकेच्या अंतरावर?” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं मला. “पाद्रीनं विचारलं होतं तुला, आईबाप नसतील तिथं तू बघशील ना? काय म्हणाली होतीस?”

“ती जिवंत होती तेव्हा.”

“पाद्रीनं तसं काही विचारल्याचं आठवत नाही मला.”

“सियानांग, माझी एक वर जिवंत पडलीये!” मी दात आवळून म्हटलं. “ती खिडकीत बसते म्हणून लोकांना पोरगी दिसते. तुझ्या मेलेल्या पोरीपायी माझी जिवंत जाईल. तुझं गेलंय म्हणून माझंही जायला हवंय का?”

ती उठली. झगा झटकला. दाराशी जाऊन म्हणाली, “तुझी लपवायला तुला माळा आहे. माझीला एक कोपरा मागितला.” आणि जिना उतरून गेली. खाली बदकं तिच्यावर ओरडली. फक्त तिच्यावर.

त्या पानातला केक मी रात्रभर झाकून ठेवला. उकलायचा धीर झाला नाही. सकाळी पाहिलं तर तसाच होता. मुंग्या सगळीकडं फिरत होत्या, पानाला मात्र एकही लागली नव्हती.

५

दुपारी जायचं ठरलं होतं. मी मातीच्या दिवशीचा काळा स्कर्ट काढून ठेवला होता. सकाळीच ते आले.

बदकांनी सांगितलं आधी. मग बुटांचा आवाज. जपानी अधिकारी, त्याचे सैनिक, आणि दुभाष्या. दुभाष्याला सगळं गाव ओळखायचं. लढाईच्या आधी कितीतरी वर्षं तो बाजारात सायकली दुरुस्त करायचा. आमच्याच भाषेत शिव्या द्यायचा, आमच्याच पोरांना फुकट हवा भरून द्यायचा. मग एक दिवस जपानी आले आणि तो टोपी घालून त्यांच्याबरोबर उभा दिसला. आम्ही त्याला अजून सायकलवालाच म्हणायचो.

आम्ही वाकलो. इगो इतका वाकला की त्याची पाठ कडकडली.

“तुझी मुलगी कुठंय?” सायकलवाल्यानं विचारलं.

“तयाबासला.”

अधिकाऱ्यानं खिडकीच्या दिशेनं बोट केलं आणि काहीतरी बोलला. सायकलवाला म्हणाला, “होडीवरच्या माणसांनी पाहिलीये. खोटं बोललीस तर घर जाळतील, पेलांग.”

सैनिक घरभर फिरायला लागले. एकानं कपड्यांची पेटी उपडी केली. एकानं चटयांमध्ये संगीन खुपसली. मग एकजण चुलीपाशी थांबला आणि वर पाहायला लागला. माळ्याकडं. शिडी भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यानं ती उचलली, माळ्याला लावली, हलवून पाहिली. पहिल्या पायरीवर बूट ठेवला.

मी कोयता कुठं आहे ते पाहिलं. चुलीच्या पलीकडं. माझ्यात आणि त्यात एक सैनिक होता.

तेव्हा मागच्या खोलीतनं आवाज आला. आमच्याकडं मोठ्या माणसानं हाक मारली की पोरी मान खाली घालून अदबीनं ओ देतात, तशी कुणीतरी ओ दिली. कोणी हाक मारली नव्हती.

शिडीवरचा बूट खाली आला.

सगळे त्या खोलीत गेले. मी गेले नाही. मी जमिनीकडं पाहत होते. पट्ट्यांच्या फटींतनं खाली बदकं दिसत होती. एकमेकांच्या अंगावर चढून, सगळी त्याच कोपऱ्याखाली. एक चोच उघडत नव्हती. वर कुणीतरी उठून उभं राहिलं असावं, कारण बांबू वाजला आणि बदकं एकदम मागं सरकली.

ते बाहेर आले. दोन सैनिक दोन बाजूंनी, दंड धरून नेतात तसे हात पुढं करून. त्यांच्यामधे मी पाहिलं नाही. तुम्ही म्हणाल का नाही पाहिलं. तुम्ही उभं राहा तिथं, आणि मग सांगा.

सायकलवाल्यानं मात्र पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. एलोंगची सायकल त्यानंच किती वेळा नीट केली होती. तिची माती झाली त्या दिवशी तो चौकात उभा होता, टोपी काढून. अधिकाऱ्यानं त्याला काही विचारलं. तो माझ्याकडं वळला, ओठ चाटले.

“ही तुझी मुलगी?”

मी गप्प.

मग तो अगदी हळू, बाजारात बोलायचा त्या आवाजात म्हणाला, “पेलांग, तो विचारतोय. ही तुझी?”

नाही म्हणाले असते तर बूट पुन्हा शिडीवर गेला असता.

“हो,” मी म्हटलं. “माझीच.”

त्यानं अधिकाऱ्याला सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

ते जिना उतरले. मी वर उभी राहून तेव्हा खाली पाहिलं, कारण तेव्हा पाठ होती. दोन खाकी टोप्या एकेक पायरी खाली जात होत्या. त्यांच्यामधे काळ्याभोर केसांत सरळ, ओल्या मातीचा भांग.

६

सियानांगनं तिच्या घरातनं सगळं पाहिलं होतं. ती धावत आली नाही. चालत आली.

“नेली?”

“नेली.”

“दुसऱ्यांदा.”

इगो काही बोलायला गेला तर तिनं त्याच्याकडं न पाहता हात वर करून त्याला गप्प केलं. “तू काय सांगितलंस त्यांना?” तिनं मला विचारलं.

“माझी आहे म्हणाले.”

“तेवढ्यासाठी ठेवलीस होय तिला?”

“मी ठेवली नव्हती. आज घालवणारच होते.”

“घालवली असतीस तर बरं झालं असतं.” तिनं काखेतली टोपली नीट केली. टोपलीत एक कंगवा होता आणि धुतलेला झगा. “मी जाते आणायला.”

इगो म्हणाला, “वेडी झालीस? शाळेत? गोळी घालतील.”

“घालू दे.”

ती निघाली. मी तिच्या मागं गेले. का गेले ते मला विचारू नका. घरात थांबवेना, एवढंच.

शाळेच्या फाटकावर पहारेकरी असतो. त्याच्यासमोर वाकलं नाही तर मुस्काटात बसते. आम्ही वाकलो. त्यानं आमच्याकडं पाहिलंच नाही. त्याची पाठ रस्त्याकडं होती आणि तोंड शाळेकडं. आत अंगणात सगळे होते. सगळे. कोणी अर्धी दाढी केलेला, कोणी अनवाणी, कोणाच्या हातात ताट. शाळेच्या खोल्यांत एकही जण नव्हता. अधिकारी आंब्याच्या झाडाखाली उभा होता, पट्टा नव्हता त्याच्या कमरेला. कढईत भात करपत होता. पांढऱ्या तांदळाचा भात. आम्ही वर्ष झालं तो डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि तो तिथं धूर सोडत जळत होता, आणि त्यातल्या एकालाही कढई उतरवायची शुद्ध नव्हती.

सायकलवाला पायरीवर बसला होता. आम्हाला पाहून उठला.

“घेऊन जा तिला,” म्हणाला.

“काय केलं तिनं?” मी विचारलं.

“काही नाही. बसलीये नुसती.”

“मग भिताय कशाला?”

तो कढईकडं पाहत राहिला. मग म्हणाला, “प्रत्येक खोलीत बसलीये.”

सियानांग त्याच्या बाजूनं आत गेली. तिच्या लाकडी चपलांचा आवाज फळ्यांच्या जमिनीवरनं लांब लांब जात राहिला, एका वर्गापाशी थांबला. मग तिचा आवाज. रडका नाही, घाबरलेला नाही. शनिवारी तळ्यावर पोरीला अंघोळ घालताना असायचा तो.

“असं बसतात का गं? पाय जवळ घे. बघ काय करून ठेवलंस केसांचं. हलू नकोस. दुखणारच, गुंता आहे म्हटल्यावर. झालं. झालं. हात वर कर.”

बराच वेळ. अंगणातला एक पोरगेला सैनिक उकिडवा बसून कानांवर हात दाबून होता. मी त्याच्याकडं पाहिलं आणि मला दया आली नाही.

सियानांग बाहेर आली. टोपली रिकामी. चपलांचा आवाज एकीचाच होता, शपथ घेऊन सांगते, मी कान देऊन ऐकला. पण सैनिक बाजूला सरले ते एका बाईला लागते त्यापेक्षा जास्त जागा सोडून.

फाटकाबाहेर आल्यावर मी म्हटलं, “चल, घरी जाऊ.”

“घरी नाही नेत,” ती म्हणाली. “माझ्याही नाही, तुझ्याही नाही. वर डोंगरात माझा भाऊ आहे, तिकडं नेते.”

“दोन दिवसांची वाट आहे. तेही सगळं सुरळीत झालं तर.”

“असू दे. वाटेत कुठं थांबणार नाही.”

“खाशील काय? झोपशील कुठं?”

 तिनं टोपली एका कडेवरनं दुसऱ्या कडेवर घेतली, तो हात मोकळा केला, आणि थोडा बाजूला धरला. बाजाराच्या गर्दीत पोर चुकू नये म्हणून धरतो तसा. मग बोटं मिटली तिची.

“निनांगला नमस्कार कर,” ती बाजूला बघून म्हणाली.

आमच्याकडं लहान माणूस मोठ्याचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावतं. माझा हात उचलला गेला. त्याला थंड, ओलं कपाळ लागलं. घामाची ओल नव्हती ती. तिला धुताना ज्या पाण्यानं मी कपाळ पुसलं होतं, त्याचा वास आला.

मी हात काढून घेतला नाही. तेवढं केलं मी तिच्यासाठी.

त्या डोंगराच्या वाटेनं गेल्या. सियानांग पुन्हा गावात आली नाही. तिच्या भावाला लढाई संपल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडं कोणी आलंच नाही. एवढं बोलून तो दार लावायला लागला. आत दोन बायका काहीतरी कांडत होत्या. एक मुसळ, मग दुसरं. लावू दिलं मी त्याला दार.

७

घरी आले तर इगोनं शिडी लावून ठेवली होती आणि पिनांग खाली उतरून चुलीपाशी बसली होती. महिन्यात पहिल्यांदा दिवसाच्या उजेडात. पांढरी फटक. बदकं तिच्या पायांखाली गोळा होऊन कालवा करत होती, म्हणून मला ती तीच आहे हे कळलं. एक क्षण मी बदकांचाच कानोसा घेत उभी होते, लपवत नाही.

मी कसावा वाढला. तिच्यासमोर ठेवला.

“इनांग,” ती म्हणाली, “मी वरनं सगळं ऐकलं.”

“ऐकणारच. कान आहेत.”

“त्यानं शिडीवर पाय ठेवला तेव्हा मी श्वास कोंडला होता. मग ती बोलली. तुला कळलं होतं ना ती का बोलली ते?”

“जेव.”

“आणि त्यानं दोनदा विचारलं. पहिल्यांदा तू गप्प होतीस. त्या मधल्या वेळात तू काय विचार करत होतीस?”

इगो जाळं विणत होता. त्याचे हात थांबले.

“काही नाही,” मी म्हणाले. आणि ते खरं होतं. मला विचार करावा लागला नव्हता. तोंड उघडायला वेळ लागला, इतकंच.

“एलोंग माझ्याबरोबर वाढली, इनांग. आणि तू तिला...”

“जेव म्हटलं ना!”

तिनं ताट उचललं. वळून बसली, भिंतीकडं तोंड करून, आणि माझ्याकडं पाठ करून जेवायला लागली.  नुसतं चावल्याचा आवाज, आणि घास गिळताना तिचे खांदे हलत होते.

त्या दिवसापासनं ती माझ्यासमोर अशीच जेवते. आता तिला पोरंबाळं झाली, तरी ताट घेऊन वळून बसते.

बसू दे. मी तिच्या मागं बसून बघत राहते. हलणारी, जिवंत पाठ आहे.